धाकटी नाव, थोरली नाव

आपल्या बीदर-गुलबर्गा भागातल्या माणसाजवळ नावेची गोष्ट काढली तर तो हसतो. समुद्र आपल्यापासून शेकडो मैल दूर. मांजरा, कारंजा, मुल्लामारी, बेण्णेतोरा, अमरजा अशी नद्यांची नावे घ्यायला गोड वाटतात. पण वर्षातले बरेच महिने धोतर गुडघ्यावर खोचले की माणूस त्यातून पलीकडे जातो. भीमा तेवढी मोठी. तरीही नाव आपल्याला परकी आहे असे म्हणता येणार नाही. कन्नडमध्ये नावाड्याला 'अंबिगर' म्हणतात आणि बाराव्या शतकात कल्याणच्या शरणमेळ्यात अंबिगर चौडय्या नावाचा एक नावाडीच होता. त्याची वचने आजही म्हटली जातात. आपल्या दत्तभक्तांपुरते बोलायचे तर कुरवपूरच्या बेटावर जायचे म्हणजे कृष्णेच्या पाण्यात नावेत किंवा टोपलीत बसणे आलेच. याच कुरवपुरात नदीवर जलक्रीडेला आलेल्या राजाचा थाट पाहून एका रजकाच्या मनात राज्याची इच्छा उत्पन्न झाली आणि पुढच्या जन्मी तो बीदरचा राजा झाला, ही गुरुचरित्रातली कथा गाणगापूरला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पण आज मला सांगायची आहे ती कथा नव्हे, इतिहास. तोही बीदरशीच जोडलेला, आणि दोन नावांचा : एक धाकटी, एक थोरली.

इसवी सन १४६९ ते १४७२ च्या सुमारास बीदरमध्ये एक रशियन व्यापारी राहत होता. अफनासी निकितिन हे त्याचे नाव. व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा हा रहिवासी. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये भारत-सोव्हिएत सहकार्याने काढलेला 'परदेसी' हा चित्रपट याच्यावरच होता. नर्गिस त्यात होती म्हणून जुन्या मंडळींना तो आठवत असेल. बहमनींच्या बीदरचे जे वर्णन निकितिनने लिहून ठेवले आहे, ते आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला फार मोलाचे आहे. सुलतानाच्या वाड्याचे सात दरवाजे, दर दरवाज्याला पहारेकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करणारे कारकून. अमीर-उमरावांचा डामडौल आणि खेड्यातल्या रयतेचे दारिद्र्य. आणि आपल्या आळंदचा उरूस. शेख अलाउद्दीनच्या नावाने दहा दिवस बाजार भरतो आणि वीस हजार घोडे विकायला येतात, असे तो लिहितो. आळंदला आजही दर्ग्याचा उरूस भरतो. घोडे मात्र गेले.

हा माणूस बीदरला आला कसा? शाळेच्या पाठ्यपुस्तकात 'रशियन प्रवासी निकितिन याने भारतास भेट दिली' एवढे एक वाक्य असते, आणि ते वाचून वाटते की गृहस्थ हौसेने देशाटनाला निघाले असतील. तसे काही नव्हते. तो निघाला होता कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावरच्या शिरवानला, माल विकायला. त्याच्या डोक्यात हिंदुस्थान नव्हताच.

व्होल्गा नदीतून हे व्यापारी खाली उतरत होते तेव्हा शिरवानच्या शहाचा वकील हसन बेग त्यांच्या सोबत होता. आस्त्राखानच्या जवळ तीन तातार भेटले. पुढे सुलतान कासीम तीन हजार माणसे घेऊन व्यापाऱ्यांची वाट अडवून बसला आहे, अशी खबर त्यांनी दिली. वकिलाने त्या तिघांना एकेक अंगरखा आणि कापड देऊन आडवाटेने पुढे काढायला सांगितले. त्यांनी कापडही घेतले आणि सुलतानाला वर्दीही दिली. (लाच घेऊन काम न करणारी जमात आजची नाही, एवढे यावरून कळते.) या वेळी निकितिनने एक निर्णय घेतला. त्याने आपली नाव सोडली आणि सोबत्यांसह वकिलाच्या नावेत जाऊन बसला. माल मात्र धाकट्या नावेतच राहिला.

चांदणी रात्र होती, शिडे उभारलेली. काठावरून तातारांनी पाहिले, थांबा म्हणून हाका मारल्या. बाण सुटले, यांचा एक माणूस पडला, यांनी त्यांचे दोन पाडले. आणि नेमकी धाकटी नाव नदीत मासे अडवायला ठोकलेल्या खुंटांच्या कुंपणावर अडकली. जागच्या जागी लुटली गेली. निकितिनची सारी चीजवस्तू तीतच होती. थोरली नाव समुद्राच्या तोंडापर्यंत पोचली, पण तिथल्या उथळ गाळात रुतली. तिलाही तातारांनी गाठले आणि ओढून परत वर आणायला लावले. चार माणसे ठेवून घेतली. उरलेल्यांना उघड्याबोडक्या अंगाने समुद्राकडे हाकलून दिले. घराकडे परतू दिले नाही, कारण वर जाऊन त्यांनी बातमी फोडली असती.

मग रडत-रडत ही मंडळी दोन नावांतून दरबंदकडे निघाली. एका नावेत वकील, काही इराणी व्यापारी आणि दहा रशियन. निकितिन या दहांपैकी. दुसऱ्या, धाकट्या नावेत सहा मॉस्कोचे, सहा त्वेरचे लोक, शिवाय गाई आणि शिधासामग्री. समुद्रात वादळ उठले. धाकटी नाव तारखी गावाजवळ किनाऱ्यावर आपटून फुटली आणि तीतली सगळी माणसे कैताक टोळीवाल्यांनी पकडून नेली. पुढे शिरवानशहाच्या शब्दाखातर त्यांची सुटका झाली, पण माल गेला तो गेलाच. शहाकडे या लोकांनी घरी जाण्यापुरते पैसे मागितले. तुम्ही पुष्कळ जण आहात म्हणून त्याने दिले नाहीत. ज्याचे गावी काही होते तो गावी गेला. ज्याच्या डोक्यावर कर्ज होते तो वाट फुटेल तिकडे गेला. निकितिन दुसऱ्या प्रकारचा. दरबंद, बाकू, मग इराण, होर्मुझ, तिथून एक घोडा घेऊन गलबताने चौल, पुढे जुन्नर आणि शेवटी बीदर.

आता नीट पाहा. एकाच प्रवासात दोन वेळा धाकट्या नावेचा घात झाला, एकदा उथळ पाण्यात आणि एकदा खोल पाण्यात. उथळात थोरली अडकायची आणि धाकटी निसटायची, असा आपला सर्वसाधारण समज. इथे पहिला बळी धाकटीचा. निकितिनने माल धाकटीत ठेवला आणि देह थोरलीत नेला. म्हणून माल गेला, देह वाचला. माल वाचला असता तर तो शिरवानला विकून हा गृहस्थ त्वेरला परतला असता, आणि आपल्या आळंदच्या घोडेबाजाराचा आकडा लिहायला कोणी उरला नसता. इतिहासाचे शिक्षक मुलांना लढायांची कारणे पाठ करायला लावतात, मीही लावली आहेत; पण बीदरच्या इतिहासाचे एक उत्तम साधन मासे धरण्याच्या खुंटांवर अडकलेल्या एका छोट्या नावेमुळे आपल्याला मिळाले, हे कारण कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

निकितिन बीदरला होता तेव्हा इथल्या कारभाराची सूत्रे महमूद गवानच्या हाती होती. त्याचा मदरसा सगळ्यांनी पाहिलेला आहे. पण समुद्र न पाहिलेल्या या राजधानीतून त्याने गोव्यावर स्वारी केली तेव्हा स्वतः खुष्कीने गेला आणि एकशेवीस जहाजे समुद्रमार्गे पाठवली, असे फरिश्ता लिहितो. १४७२ च्या सुमारास गोवा बहमनींच्या ताब्यात आला. नावांची निवड दूर बसूनही करावी लागते, एवढ्यासाठीच हा उल्लेख.

थोरली की धाकटी हा प्रश्न मराठ्यांच्या इतिहासात सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो खांदेरीला, १६७९ साली. मुंबईच्या तोंडावरच्या या खडकाळ बेटावर शिवछत्रपतींनी मायनाक भंडाऱ्याकडून तटबंदीला सुरुवात केली आणि इंग्रजांचे डोळे विस्फारले. त्यांनी 'हंटर', 'रिव्हेंज' अशी जहाजे आणून बेटाभोवती उभी केली. तोफांच्या हिशेबात त्यांच्यापुढे मराठ्यांची आरमारे म्हणजे पोरखेळ. पण बेटाला रोज लागते काय? दगड, चुना, दाणे आणि माणसे. हे सारे रात्रीच्या अंधारात, भरती-ओहोटी पाहून, लहान होड्यांतून नागोठण्याच्या खाडीकडून येत राहिले. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की जागच्या जागी. आपल्या होड्यांना वल्ही होती. उथळ पाण्यात त्या शिरल्या की मागे जायची सोय नाही. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाचे आरमार इंग्रजांवर चालून गेले. त्या लढाईत 'डव्ह' हे इंग्रजांचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. पण 'रिव्हेंज'वरच्या केग्विनने तोफांच्या जोरावर टिकाव धरला आणि आपल्या होड्यांना खाडीत परतावे लागले, हेही खरे आहे. समोरासमोरच्या झुंजीत थोरली भारी पडते. पण नाकेबंदी काही जमली नाही. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी जहाजे मागे घेतली आणि खांदेरी स्वराज्यातच राहिली.

पुढे आंग्र्यांच्या काळात यातूनच गुराब आणि गलबत ही जोडी पक्की झाली. रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने त्यांची मापे दिली आहेत. तीन डोलकाठ्यांची गुराब तीनशे टनांपर्यंत, दोन डोलकाठ्यांची दीडशेपर्यंत. गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही, आणि वारा नसतानाही ते ताशी चार मैल जाई. महत्त्वाची गोष्ट अशी की हल्ला करताना गलबते गुराबांना दोर बांधून ओढत नेत. थोरलीच्या अंगावर तोफा, धाकटीच्या अंगात चाल. कान्होजींनी दोहोंत निवड केली नाही, दोन्ही ठेवल्या. ज्याच्या खजिन्यात पैसा आहे त्याचे हे उत्तर.

आपल्या नद्यांवर यायचे तर इथे लाकडी नावेपेक्षा टोपलीचे राज्य जास्त. बांबूच्या कामट्यांची गोल टोपली, तिला बाहेरून कातडे मढवलेले. कन्नडमध्ये हरिगोल, तेलुगूत पुट्टी. १५२० मध्ये रायचूरसाठी कृष्णदेवरायाशी लढायला निघालेल्या इस्माईल आदिलशहाने कृष्णेच्या काठी तळ दिला. कातड्याने मढवलेल्या टोपल्या शंभराच्या आसपासच तयार होत्या, बाकीच्या व्हायला आणखी काही दिवस लागणार होते. फरिश्ता म्हणतो की सुलतान मद्याच्या भरात होता. त्याने थांबायचे नाकारले आणि त्याच दिवशी नदीत हत्ती घातला. थोडे सैन्य पलीकडे पोचले, पराभव झाला, आणि परत यायला पाठीशी नदी. कितीतरी माणसे बुडाली. हा नावेच्या आकाराचा नव्हे, संख्येचा घोटाळा. पण नाव निवडताना 'एकूण किती आणि किती फेऱ्या' हा प्रश्न आधी विचारावा लागतो, तो असा.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लूचा विजेता ठरलेला वेलिंग्टन) दक्षिणेतून पुण्याकडे आला तेव्हा त्यालाही हाच विषय सतावत होता. पावसाळ्यात नद्या ओलांडायला त्याने मुंबईहून पाँटून, म्हणजे पुलासाठीच्या सपाट बुडाच्या मोठ्या होड्या, गाड्यांवर चढवून मागवल्या. त्या गाड्या घाटाच्या वाटेवरच मोडल्या. त्याचे काम झाले ते टोपल्यांवर. बांबू आणि कातडे जिथे मिळेल तिथे टोपली तयार होते आणि नदीपर्यंत नेता येते. न पोचलेली मोठी नाव पोचलेल्या टोपलीपेक्षा लहानच म्हणायची.

इतके सगळे मी उगाळतो आहे त्याला एक निमित्त झाले. अफजलपूर तालुक्यात भीमेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावकऱ्यांना संकोच वाटेल. ऑक्टोबर २०२० च्या पुरात उजनीतून सुटलेले पाणी आणि वरून पाऊस अशा दुहेरी माऱ्यात गावाला तिन्ही बाजूंनी पाण्याने घेरले. बचाव पथकाच्या रबरी बोटी आल्या, पण त्यांना साऱ्या नदीकाठची गावे. पुढेही भीमेने कृपा केली नाही. तेव्हा गावाने ठरवले की स्वतःची एक यांत्रिक होडी असावी. पुण्या-सोलापुरात नोकरीला असलेल्या पोरांनी पैसे जमवले. दोन होड्या पाहून ठेवल्या : एक चौदा फुटी, दहा अश्वशक्तीचे इंजिन मागे टांगायचे, दुसरी वीस फुटी, चाळीस अश्वशक्तीची. दोन्ही फायबरच्या. पैसे मोठीला पुरत होते, जेमतेम. आणि गावात दोन तट पडले. तरुण मंडळींना मोठी हवी. म्हातारे अंबिगर मंडळींना लहान. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. त्याने दोन्हींची छायाचित्रे आणि माहितीपत्रके पाठवली आणि लिहिले, "सर, तुम्ही इतिहासाचे. काय करावे सांगा." इतिहासाच्या शिक्षकाला होडीचा सल्ला विचारणारा हा पहिलाच विद्यार्थी. पण प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. चुकीची होडी घेतली तर ती पुरात आपल्याच माणसांवर उलटते.

आधी हिशेब मांडला. चौदा आणि वीस, फरक सहा फुटांचा. कागदावर सहा फूट म्हणजे काही नाही. पण होडी लांबीला वाढते तशी रुंदीला आणि खोलीलाही वाढते. तिन्ही त्याच प्रमाणात वाढली तर तिने पेलायचा बोजा जवळजवळ तिप्पट होतो. शिवाय कलंडायला ती जो विरोध करते तो चौपटीच्या वर जातो. म्हणजे लहान होडीत एक माणूस घाबरून उभा राहिला तर ती जितकी हेलकावेल, तितकी मोठी होडी चार माणसे उभी राहिल्यावर हेलकावेल. निकितिन वादळात का वाचला याचे उत्तर इथे आहे. वेगाचेही असेच. भरलेली होडी पाण्यावर उचलून पळत नाही, पाणी कापत जाते, आणि अशा होडीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. चौदा फुटीचा सुमारे पाच सागरी मैल, वीस फुटीचा सहा. इंजिन कितीही मोठे लावा, याच्या फार पुढे ते भरलेल्या होडीला नेत नाही. तरुण मंडळी चाळीस आणि दहा या आकड्यांवर खूष होती. वेगात मिळणारी भर मात्र एका मैलाची.

होडीच्या मागे टांगायचे इंजिन ही गोष्टही फार जुनी नाही. अमेरिकेत मिलवॉकीला ओले एव्हिन्रूड याने १९०९ मध्ये ते बाजारात आणले. दीड अश्वशक्ती, वजन बासष्ट पौंड. उन्हाळ्याच्या दिवशी तळ्यापलीकडून वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला वल्ही मारत गेला आणि परत येईपर्यंत ते वितळले, म्हणून त्याला हे सुचले अशी कथा आहे. खरी असो नसो, त्या इंजिनाचे मर्म तीत आहे : एकट्या माणसाने उचलावे, लावावे, काढावे. आजचे दहा अश्वशक्तीचे इंजिन चाळीस किलोच्या आसपास असते. दोन माणसे ते आरामात उचलतात. चाळीस अश्वशक्तीचे त्याच्या दुपटीच्या वर जाते.

मोठी होडी अधिक सुरक्षित, हे वरच्या हिशेबाने सिद्ध झाल्यासारखे वाटते. पण मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' काही लहान होती काय? १७९ फुटांची आगबोट. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, काश्याच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली माणसे. आकार माणसाला धीर देतो आणि तो धीर पाण्याला ठाऊक नसतो. लहान होडीत सातवा माणूस चढला की सहाही जणांच्या छातीत धस्स होते. मोठीत तिसावा चढला तरी कोणी मान वर करत नाही.

दुसऱ्या बाजूला आपल्या भीमेवरचीच ताजी गोष्ट. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या फुगवट्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांतला एक पोहून काठाला लागला, सहा बुडाले. तिथे पाणी रुंद आहे. रुंद पाण्यावर वाऱ्याला धावायला जागा मिळते आणि लाटा उठतात. लहान होडीचे ते ठिकाण नव्हे. निकितिनची धाकटी नाव कॅस्पियनवर फुटली ती याच कारणाने.

मग या गावाने काय करावे? मी कोणत्या पाण्यासाठी होडी हवी ते विचारले. रोज नदी ओलांडायची आहे काय? नाही, पूल आहे. फेरफटक्याला, देवदर्शनाला? नाही. पुराच्या दिवसांत गावठाण आणि उंचावरची शाळा यांच्यामध्ये जे पाणी साचते, तेवढेच. अंतर दीड-दोन फर्लांगांचे. हे पाणी नदीचे नव्हे, गल्लीचे. त्यात बुडालेले ऊस आहेत, बाभळी आहेत, काटेरी तारेची कुंपणे आहेत, हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या विजेच्या तारा आहेत. वीस फुटी होडी मारुतीच्या देवळाजवळच्या वळणावर वळणारच नाही. उसाच्या पाचटात आणि जलपर्णीत इंजिनाचा पंखा गुंतणार हे ठरलेले. लहान इंजिन वर उचलून हाताने पाला काढता येतो. आणि म्हाताऱ्या अंबिगराने जो मुद्दा सभेत मांडला होता, त्यापुढे माझा सगळा इतिहास फिका आहे. तो म्हणाला, इंजिन बंद पडणारच. बंद पडल्यावर दोन माणसे वल्ह्यांनी जी घरी आणतील ती होडी घ्या. वीस फुटी, भरलेली, ओढीच्या पाण्यात दोन माणसांना वल्हवत नाही. गलबताची चाळीस वल्ही त्याने वाचलेली नव्हती, पण खांदेरीचे मर्म त्याला माहीत होते.

तरुणांचा आक्षेपही खोटा नव्हता. लहान होडीत एका खेपेला सहा माणसे. गाव सगळे हलवायचे तर किती खेपा? इस्माईल आदिलशहाच्या शंभर टोपल्यांचा हाच प्रश्न होता. पण अंतर इथे कमी आहे. लहान होडी एका खेपेला, चढणे-उतरणे धरून, दहा-बारा मिनिटे घेईल. म्हणजे तासाला सहाजणांच्या पाच खेपा, तीस माणसे. मोठी होडी बारा माणसे घेईल, पण तिला भरायलाच तेवढा वेळ लागतो, कारण म्हातारी माणसे, लेकरे, बोचकी एकेक करून चढतात, आणि ती उंबऱ्यापर्यंत येत नाही, माणसांनाच कमरेएवढ्या पाण्यातून तिच्याकडे न्यावे लागते. हिशेब बराचसा बरोबरीत सुटतो. पूर एका दिवसात गावठाणात शिरत नाही. उजनीतून पाणी सुटल्याची वर्दी आधी येते. वर्दीनंतर पहिल्या दिवशीच म्हातारे, आजारी आणि बाळंतिणी हलवल्या तर लहान होडी पुरते. वर्दी येऊनही बसून राहिले तर मोठीही पुरणार नाही.

मी तसे पत्र लिहिले. चौदा फुटी घ्या. पण तीन गोष्टी पाळणार असाल तरच. एक, भीमेच्या मूळ धारेत ती न्यायची नाही, आणि वारा सुटला असता तर मुळीच नाही. दोन, सहापेक्षा जास्त माणसे नाहीत, सरपंच असला तरी. तीन, निकितिनसारखी वाटणी करायची : माणसे आधी, चीजवस्तू नंतर, आणि दोन्ही एका खेपेत नाही. ट्रंका आणि धान्याची पोती यांच्यासाठी माणसे बुडतात. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याखाली नोंदणीचे काय ते तालुक्याला जाऊन विचारा, हेही लिहिले. शिक्षकाची सवय जात नाही.

पत्र ग्रामसभेत वाचले गेले. निकितिनचा भाग लोकांना फार आवडला असे कळले. रशियाचा माणूस आळंदच्या बाजाराला आला होता हे कोणालाच माहीत नव्हते. त्यावर बोलणे इतके लांबले की होडीचा विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत धाकटी होडी मंजूर झाली, दोन मते विरुद्ध. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसते आणि सहा माणसे तिला उचलून शाळेच्या पडवीत ठेवतात. तिच्या दोन्ही बाजूंना भारित पाण्याची रेषा लाल रंगाने ओढली आहे : एवढी रेषा पाण्याखाली गेली की चढणे बंद. शेजारी 'सहा माणसे' असे कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत लिहायचे ठरले तेव्हा कोणती भाषा वर आणि कोणती खाली यावर थोडी बाचाबाची झाली. शेवटी एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी असे लिहिले. दोन्ही लिप्यांतला सहाचा आकडा बराचसा सारखाच दिसतो, त्यामुळे तो वाचायला कोणालाच अडचण नाही.

उरलेल्या पैशांतून वीस जाकिटे, दोनशे फूट नायलॉनचा दोर, दोन जादा वल्ही आणि इंजिनाच्या पंख्याच्या जादा खिळी घेतल्या. जाकिटे उंदरांपासून कशी वाचवायची, याबद्दल माझ्या विद्यार्थ्याचे दुसरे पत्र आले आहे. त्याला लिहिले की छताला टांगा.